उणे अडीच

"हे काय आहे?"

"पाटी आहे, साहेब," मी म्हटलं.

"पाटी? अशी भोकांची?"

"आमची गणिताची पाटी अशीच असते."

"आणि ह्या डबीत काय खुळखुळतंय?"

"खिळे."

"खिळे!" साहेब कुणाला तरी उद्देशून म्हणाला. "परीक्षेला खिळे घेऊन आल्यात बाई."

भरारी पथकाच्या त्या साहेबाचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. बुटांची करकर आणि तोंडाचा वेलदोड्याचा वास, एवढीच माझी त्याची ओळख. पेपर दहावीच्या बीजगणिताचा होता. केंद्रावर मला प्रयोगशाळेत बसवलं होतं, कारण मला दिसत नाही. मी उत्तरं तोंडाने सांगणार आणि लेखनिक लिहिणार, तो आवाज बाकीच्या मुलांना नको म्हणून. खोलीत आम्ही तिघंच होतो. मी, माझी लेखनिक शमा मुल्ला, आणि पर्यवेक्षक गुरव सर.

शमा नववीत होती. लेखनिक खालच्या वर्गातलाच हवा, असा नियम. तिचा वर्गात पहिला नंबर असे, आणि हे तिने ओळख झाल्याझाल्या मला सांगून टाकलं होतं.

आता ही पाटी काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पत्र्याची, चाळणीसारखी भोकं असलेली ही पाटी. तिच्यात करंगळीच्या नखाएवढे शिशाचे खिळे बसवायचे. खिळ्याच्या टोकाला एका बाजूने उंच कड असते. ती कड डावीकडे असली की एक, वर असली की तीन, उजवीकडे पाच, खाली सात. मधल्या कोनांत दोन, चार, सहा, आठ. उलट्या टोकाने नऊ, शून्य आणि चिन्हं. अक्षरांचे आणि कंसांचे खिळे वेगळे, त्यांचा डबीत कप्पाही वेगळा. डोळस माणूस कागदावर आकडेमोड करतो तशी आम्ही बोटांनी पाटीवर करतो. म्हणजे माझं सगळं कच्चं काम त्या पाटीवर होतं. निम्म्याहून जास्त वेळ संपला होता आणि एक लांबलचक समीकरण मी अर्ध्यावर आणलं होतं.

"साहेब, मुलीला दिसत नाही," गुरव सर म्हणाले. "त्यांना परवानगी असते याची."

"अहो, असल्यांनाच लोक जास्त कॉप्या पुरवतात. दया येते ना सगळ्यांना! बघू, खाली काही चिकटवलंय का."

आणि त्याने पाटी उचलून पालथी केली.

तो आवाज आजही माझ्या कानात आहे. आधी टेबलावर, मग फरशीवर, सगळीकडे खिळेच खिळे. मी "अहो, नको, नको!" म्हणत दोन्ही हात पुढे केले, तर हाताला रिकामी हवा लागली. मग त्याने डबीही उपडी केली. दोन्ही कप्पे एकत्र. खाली काहीच चिकटवलेलं नव्हतं. असणार कुठून?

"ठीक आहे. चालू द्या," साहेब म्हणाला आणि बूट करकरवत गेला.

ही माझी तिसरी खेप होती. बाकीचे सगळे विषय केव्हाच सुटले होते, घोडं पेंड खात होतं ते बीजगणितापाशी. आमच्या शाळेतल्या मुली सोपं अंकगणित घ्यायच्या. मी हट्टाने बीजगणित घेतलं, कारण ते मला आवडायचं. हौसेला मोल नाही म्हणतात, पण मला ते पुरेपूर द्यावं लागत होतं. या वेळी सुटलं तर कोल्हापूरला कॉलेज आणि वसतिगृहात एक कॉट. नाही सुटलं तर शाळेचं वसतिगृह मला ठेवणार नव्हतं आणि मी भावाच्या घरी जाणार होते, कायमची. अण्णा बाहेर चिंचेखाली बसलाच होता, माझी ट्रंक शेजारी घेऊन. "या टायमाला नाही झालं द्वारके, तर मग नाव काढायचं नाही," असं त्याने माझ्याकडून वदवून घेतलं होतं.

अण्णा काही कसाई नव्हता हो. वहिनीही वाईट नव्हती, तेच तर दुखणं होतं. वहिनी मला माठातलं पाणीसुद्धा उठून घेऊ देत नसे. "बसा हो तुम्ही, मी देते की." केस मी विंचरले की पुन्हा विंचरून द्यायची. सुट्टीत मी घरी जाई तेव्हा मागच्या दाराशी, गोठ्याच्या भिंतीला लागून माझी खाट पडे आणि त्या खाटेवर सकाळची संध्याकाळ होई. कुणी मला दुखवत नसे. कुणी काही करूही देत नसे. पंधरा दिवसांतच मला वाटायचं की आपण माणूस नसून घरात ठेवलेलं लोणचं आहोत. आता ते जन्मभर.

"रडू नका, अक्का," शमा टेबलाखालून म्हणाली. ती खिळे वेचत होती. "थांबा, सगळे गोळा करते."

"मी पण बघतो," गुरव सर म्हणाले. बिचारे गुडघ्यांवर बसले असावेत, गुडघे कटकन वाजलेले ऐकू आले. दोघं फरशीवर हात फिरवत होते आणि मी वर बसून वेळ जाताना ऐकत होते. बाहेर व्हरांड्यात शिपाई चपला ओढत गेला. सर मराठीचे होते, त्यांचा गणिताशी उभा दावा, पण माणूस मायेचा. थोड्या वेळाने त्यांनी पाटी माझ्यापुढे सरकवली.

"घे बाळ. होते तसे लावून दिले बघ. अगदी ओळीत."

माझ्या मनात एवढीशी आशा आली. मी बोट ठेवलं. तीन. पुढे तीन. पुढे तीन. तीन, तीन, तीन, तीन, सबंध ओळभर. खालची ओळही तीन. सरांनी प्रत्येक खिळा नीट सरळ करून, कड वर ठेवून बसवला होता. त्यांना सगळे खिळे सारखेच दिसणार. मध्येच अक्षराचा एखादा, तोही सरळ.

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ठसका लागला.

"काय झालं? चुकलं का काही?"

"नाही सर," मी म्हटलं. "छान लावलेत."

पाटी मी बाजूला सारली. अंकांचे आणि अक्षरांचे खिळे निवडून वेगळे करायलाच पेपर संपला असता. आता जे काही होतं ते डोक्यात. अपूर्णांक डोक्यात धरणं म्हणजे ओंजळीत मासे धरणं. एक सावरावा तर दुसरा निसटतो.

"शमा, ते मघाचं समीकरण वाच पुन्हा."

तिने वाचलं. "दोन एक्स छेद तीन. वजा, अंशात कंस, एक्स वजा एक, कंस पूर्ण, छेद चार. बरोबर तीन छेद दोन."

"पुन्हा वाच."

तिने वाचलं. मी ओठांतल्या ओठांत घोकलं. तीन, चार आणि दोनचा लसावि बारा. बाराने सगळं गुणायचं. आठ एक्स. वजा तीन वेळा कंस. उजवीकडे अठरा. कंस सोडवताना बाहेरचं उणे आत शिरतं आणि आतल्या उण्याचं अधिक करतं. तिथं मी थांबले.

"लिही. आठ एक्स, वजा तीन एक्स, अधिक तीन, बरोबर अठरा."

पेन चाललं.

"पाच एक्स बरोबर पंधरा. एक्स बरोबर तीन."

"तीन!" शमा पुटपुटली. तिलाही ते तीन-तीनचं प्रकरण कळलं होतं की काय देव जाणे. पण तिच्या आवाजात आनंद होता, म्हणून मला बरं वाटलं.

असं एकेक करत आम्ही सरकलो. दोन उदाहरणं मी सोडून दिली, त्यांचे आकडे डोक्यात मावेनात. एक अर्ध्यावर सोडलं. मनात मी हिशेब लावत होते आणि तो जुळत नव्हता. काठावर आहोत, इतकंच कळत होतं. काठाच्या अलीकडे की पलीकडे, ते कळत नव्हतं.

"शेवटची दहा मिनिटं," गुरव सर हळूच म्हणाले.

"एक राहिलंय, अक्का. शाब्दिक आहे, चार मार्कांचं."

"वाच."

"आईचे आजचे वय चाळीस वर्षे व मुलीचे दहा वर्षे आहे. तर किती वर्षांनी आईचे वय मुलीच्या वयाच्या पाचपट होईल?"

सोपं आहे, मला वाटलं. माझा जीव भांड्यात पडला.

"लिही. एक्स वर्षांनी मानू. चाळीस अधिक एक्स, बरोबर, पाच, कंस, दहा अधिक एक्स, कंस पूर्ण."

"लिहिलं."

"चाळीस अधिक एक्स बरोबर पन्नास अधिक पाच एक्स." एक्स एका बाजूला, आकडे दुसऱ्या बाजूला. चाळीसातून पन्नास गेले. "उणे दहा बरोबर चार एक्स. एक्स बरोबर..." आणि मी अडखळले.

"एक्स बरोबर?"

"उणे दहा छेद चार. म्हणजे उणे पाच छेद दोन."

पेन थांबलं.

मला शमाचा श्वास ऐकू येत होता. नाकाने जोरात घेतलेला, काहीतरी गिळून टाकल्यासारखा. मग तिच्याने राहवलं नाही.

"अक्का, वर्षं मायनस कशी येतील? आणि वर अपूर्णांक! किती वर्षांनी म्हणलंय. चुकलंय कुठंतरी. खोडू?"

"ए!" गुरव सर कडाडले. "लेखनिकाने बोलायचं नाही! आणखी एक शब्द काढलास तर पेपर काढून घ्यावा लागेल मला."

सर उठून माझ्यापाशी आले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाळ, मला यातलं काही कळत नाही. पण पोरगी हुशार आहे, वर्गात पहिली असते. जरा विचार कर. घाई करू नकोस."

दोघंही माझ्या भल्याचंच बोलत होती. आणि मला वाटलं, गेलं. हेही गेलं. खरंच की, वय उणे कसं येईल? कुठल्याही शेंबड्या पोराला कळेल. घरात बसून अक्कल पाजळणं वेगळं आणि परीक्षा वेगळी. मला अण्णाजवळची माझी ट्रंक दिसायला लागली, म्हणजे मला जसं दिसतं तसं. तिची कडी वाजली, यष्टीच्या टपावर ती चढली, गोठ्याचा वास आला. "खोड," हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तोंड उघडलंही होतं.

आणि तेवढ्यात मला ऑक्टोबरची परीक्षा आठवली.

तेव्हाही असंच झालं होतं. असंच कंसाबाहेरचं उणे होतं, मी "अधिक सहा" सांगितलं होतं आणि त्या वेळची लेखनिक म्हणाली होती, "अधिक? वजा ना?" मी लगेच म्हटलं, "हो हो, वजा कर." तिथून पुढचं सगळं उदाहरण कोसळलं. आमच्या गणिताच्या हेरवाडकर बाईंना मी वसतिगृहात परत येऊन सगळं सांगितलं तेव्हा त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं, पहिलं बरोबर होतं की तुझं! कशाला बदललंस?" मला सांगता आलं नव्हतं. त्याआधी, गेल्या मार्चलाही दोन ठिकाणी तसंच झालं होतं. कुणी फक्त "असं?" म्हटलं की मी खोडायला लावायची.

बीजगणित येत नव्हतं म्हणून मी दोनदा नापास झालेच नव्हते. दिसणारा माणूस म्हणेल ते खरं, ही मला लागलेली सवय होती. लागणारच. लुगडं मळलंय, दुसरं नेस, म्हटलं की नेसायचं. पुढे खड्डा आहे म्हटलं की थांबायचं. पोट भरलं असेल तुझं म्हटलं की ताटावरून उठायचं. जन्मापासून मी माझं म्हणणं दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे खोडत आले होते. पण या समीकरणात बघण्यासारखं होतं काय? ते शमाला जेवढं दिसत होतं तेवढंच मला दिसत होतं.

"सर, दोन मिनिटं कुणी बोलू नका," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. मोठ्या माणसाशी मी तशी कधीच बोलले नव्हते.

मी डोकं दोन्ही हातांत धरलं. आज आई चाळीस, मुलगी दहा. आज चौपट. दहा वर्षांनी आई पन्नास आणि मुलगी वीस, म्हणजे अडीचपट. आणखी पुढे गेलं तर आणखी कमी. पुढे पुढे जावं तशी ही पट उतरतच जाते. मग पाचपट पुढे येणार कुठून? शंभर वर्षं वाट बघितली तरी यायची नाही. ती होऊन गेली. मागे होऊन गेली! अडीच वर्षांमागे मुलगी साडेसात वर्षांची होती. आई साडेसदतीस. साडेसात पंचे? पाचा साते पस्तीस, वर पाच अर्धे म्हणजे अडीच. साडेसदतीस.

साडेसदतीस!

मी पुन्हा एकदा केलं. मग तिसऱ्यांदा. आकडे जागचे हलले नाहीत.

"शमा, काय लिहिलंयस?"

"एक्स बरोबर, एवढंच."

"पुढं लिही. उणे पाच छेद दोन."

"अक्का..."

"मी सांगते तेच लिही! त्याखाली लिही. उत्तर उणे आहे, म्हणून ही गोष्ट पुढे होणार नाही. अडीच वर्षांपूर्वी होऊन गेली आहे. लिहिलंस?"

"लिहितेय." पेन कागदावर रागाने घासत होतं.

"पडताळा. मुलीचं वय साडेसात, आईचं साडेसदतीस. साडेसात गुणिले पाच बरोबर..."

घंटा झाली. इतकी मोठी घंटा मी आयुष्यात ऐकली नव्हती. "साडेसदतीस लिही!" मी ओरडले. पेन खरखरलं आणि गुरव सरांनी पेपर ओढला.

"लिहिलंस का?"

शमा हुंदके देत होती.

"तुम्ही ऐकलंच नाही माझं," ती म्हणाली. "नापास झालात तर सगळी म्हणतील शमानं वाट लावली. मला पाप लागंल."

"तुला कशाला लागेल गं? सांगितलं मी."

"सांगितलं कुणीबी असू दे, अक्षर माझं हाय."

मी तिचा हात धरला तर तिने तो सोडवून घेतला आणि खोलीबाहेर पळाली. साडेसदतीस लिहून झालं होतं की नाही, ते मला कळलंच नाही.

अण्णाने फाटकात माझं मनगट धरलं. "कसा गेला गं?"

"माहीत नाही."

"असू दे. नको जिवाला लावून घेऊ. प्रयत्न केलास ना, बास झालं. वहिनीनं खाट झाडून ठेवलीय."

ते दीड-दोन महिने मला सांगवत नाहीत. खाटेवर बसून मी तेच एक गणित करत राहिले. दिवसा ते बरोबर येई, आणि संध्याकाळी गुरं परतली की चूक वाटायला लागे. चौपट, अडीचपट, साडेसदतीस. मग वाटे, नसेलच तसं, शहाण्या पोरीला दिसत होतं ते आपल्याला दिसलं नसेल. मी जेवेनाशी झाले. वहिनी म्हणाली, "वन्सं, झुरू नका. आम्ही हाव की." मला त्या क्षणी विहीर जवळ करावीशी वाटली, खोटं कशाला सांगू. पण विहिरीपर्यंतही मला कुणी एकटं जाऊ दिलं नसतं.

निकालाच्या दिवशी अण्णा मला शाळेत घेऊन गेला. हेरवाडकर बाई नेमक्या रजेवर होत्या. कारकुनाने कागद अण्णाच्या हातात दिला. अण्णा तसा चौथी शिकलेला. बराच वेळ त्याच्या बोटाखाली कागद नुसता वाजत राहिला.

"अण्णा, बोल की रे!"

"पास," तो म्हणाला. मग कारकुनाला विचारून त्याने खात्री केली. "पासच आहे. काठावर गं. एक मार्क कमी असता तर गेली होतीस. नशीब तुझं जोरावर."

"एक मार्क?"

"एकच म्हणतायत."

"ते चार मार्कांचं होतं, अण्णा."

"कोणचं?"

मी सांगू लागले ते अर्ध्यावरच राहिलं. तिथंच कचेरीच्या पायरीवर बसून मी पोटभर रडले. कारकून म्हणाला, पास झाल्यावर कोण रडतं? अण्णा आपला माझ्या पाठीवर थोपटत उभा. त्याला काहीच उमजत नव्हतं. थोड्या वेळाने तो माझ्या शेजारी बसला. नेहमीसारखं "चल" म्हणाला नाही.

"मग द्वारके," त्याने विचारलं, "आता कुठं जायचं म्हणतीस?"